कासवदादांची वीस बोरं

फार पूर्वी रानातले प्राणी फुटबॉल खेळत. एका संघाने हंगामाला खेळाडूंना पगार म्हणून शंभरच बोरं वाटायची, असा नियम होता. शेवटच्या क्रमांकावर आलेल्या संघाला नवा खेळाडू आधी निवडता येई.

यंदा तो मान साळिंदरबाईंच्या संघाचा होता. शिल्लक पाचच बोरं होती आणि नव्या खेळाडूंतला सगळ्यात चपळ ससा पंचवीस मागत होता. म्हातारे गोलरक्षक कासवदादा वीस घेत.

"मला काढा, बाई," ते म्हणाले. "हल्ली चेंडू आला की मान आधी आत जाते."

"विसातली तुम्ही किती खाता?"

कासवदादांनी मान आत ओढून घेतली. राखीव उंदीर हळूच म्हणाला, "पाच. बाकीची आम्हा पोरांना देतात."

साळिंदरबाईंनी सशाला जाऊ दिलं आणि पाच बोरांवर एक खार निवडली.

"दादा, हिला गोल अडवायला शिकवा," त्या म्हणाल्या. "सावकाश शिकवा."