आबांच्या घोंगड्या

मी शाळा शिकलो नाही, शाळेची घंटा वाजवतो. पोरं मला आबा म्हणतात. सातवीच्या बाईंनी मुलांकडून भिंतीवर तक्ता करून घेतला होता. एका रकान्यात सकाळची थंडी, दुसऱ्यात माझ्या अंगावरच्या घोंगड्या. दोन्हींचा मेळ शोधायचा.

तपासणीला साहेब आले. मार्कांचा कागद बघून गरजले, "जादा तासाला जी पोरं जास्त बसतात, त्यांनाच मार्क कमी! तास बंद करा."

गणितात कच्ची असलेली तेजल त्या तासावरच तग धरून होती. ती उठली.

"साहेब, आबांच्या घोंगड्या वाढतात तेव्हाच थंडी वाढते. मग थंडी कमी करायला घोंगड्या काढून घेऊ का त्यांच्या?"

साहेबांनी तक्त्याच्या दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं.

"राहू द्या," म्हणाले.

जादा तास राहिला. माझ्या घोंगड्याही राहिल्या.