मेखलेची होडी

फार पूर्वी कुमुदपुरात अरुणकेतू राजाचं राज्य होतं. त्या काळी बोधिसत्त्व नीलसर तळ्यावरच्या कमळ काढणाऱ्यांचा नायक होऊन जन्मला होता.

नीलसरावर पहाटे धुकं असं उतरे, की पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नसे. कमळं त्या धुक्यातच काढावी लागत. ऊन लागून उमललेलं कमळ राजवाड्यात चालत नसे. म्हणून तिथे एक रीत होती. नायक मधल्या होडीतून हाक घाली आणि प्रत्येकजण आपलं नाव सांगून ओ देई. ज्याची ओ आली नाही तो बुडाला असं धरून सगळे काम टाकून शोधायला निघत. तीनदा ज्यानं असं उगाच पळवलं, त्याची होडी काठावर उपडी घालत. ती पुन्हा पाण्यात जात नसे.

मेखलेची ओ दोनदा चुकली होती.

दोन वर्षांमागच्या तापात तिचे कान अर्धे गेले होते. समोरच्याचं तोंड दिसलं की तिला सगळं समजे. धुक्यात मात्र शब्द विरघळत आणि गुणगुण तेवढी उरे; तिच्या अंदाजानंच ती ओ देई. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! "ही नाकावर माशी बसू देत नाही," लोक म्हणत. "ओ द्यायचं जिवावर येतं हिच्या." ती ते त्यांच्या ओठांवर वाचायची आणि गप्प बसायची.

का, तर काठावर उत्तिय बसलेला असायचा. त्याचा एक पाय जन्मापासून वाळलेला. त्याला कुणी वाकडं बोलत नसे हो. पहिला घास त्याला, सावलीतली जागा त्याला. पण काठावर काढलेल्या बारा वर्षांत त्याच्या हाती कुणी वल्हं दिलं नव्हतं. लोक त्याच्याशी मोठ्यानं, तुटक तुटक बोलत, जशी काही पायाबरोबर अक्कलही वाळली होती. ते बघून मेखला आपली होडी घाईनं पाण्यात ढकलायची. पांढऱ्या धुक्यात एकटं असणं, पाण्यात हात घालून देठ चाचपणं, एवढंच तर तिचं स्वतःचं होतं.

त्या वर्षी राजानं दवंडी पिटवली: उत्सवाला हजार शुभ्र कळ्या आणील, त्या नायकाला सगळ्या राजसरोवरांचं अधिपतिपद. उत्सव चार दिवसांवर आला, आणि नेमकी तेव्हा मेखलेची ओ तिसऱ्यांदा चुकली. शोधता शोधता ऊन चढलं, त्या दिवसाची सगळी कमळं उमलून वाया गेली.

"कानात बोळे घातलेत काय हिनं?" म्हातारा खंडदेव कडाडला. "रीत म्हणजे रीत. घाला होडी उपडी."

चौघांनी होडीला हात घातला. बोधिसत्त्व मेखलेच्या मागे उभा होता. "मेखले, जरा थांब," तो म्हणाला. ती वळली नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. मग तो सावकाश पुढे आला आणि तिच्या समोर, तोंड दिसेल असा, उभा राहिला. त्याला उमगलं होतं, पण त्यानं ते चारचौघांत बोलून दाखवलं नाही.

"माझी हाक तुझ्यापर्यंत कशी पोचेल, ते तूच सांग," तो म्हणाला.

असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिनं एकदा उत्तियकडे पाहिलं.

"तोंड दिसलं नाही की मला शब्द कळत नाहीत, नायक. पण सांगितलं तर मलाही सावलीत बसवाल, ही भीती होती. होड्यांमधून एक लांब दोरी फिरवा, ती प्रत्येकाच्या मनगटाला बांधा. तुम्ही हिसका द्या, मी हिसका देईन."

"दोरी मी धरतो," सावलीतून उत्तिय म्हणाला. "पाय अधू आहे माझा, हात धडधाकट आहेत."

"दोरीनं होड्या हळू चालतील," कुणीतरी पुटपुटलं. "हजार कळ्या व्हायच्या नाहीत. नायक, तुमचं अधिपतिपद?"

"नाही तर नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "होडी उपडी घालायची नाही."

आणि झालंही तसंच. कळ्या कमी पडल्या, पद दुसऱ्याला गेलं. पण दोरी बांधलेल्या पहिल्या पहाटे, सगळं जग धुक्यात बुडालेलं असताना, मेखलेच्या मनगटावरची दोरी हलली. तिनं ती हलवली. काठावर दोरी धरून बसलेल्या उत्तियच्या हातातून तो हिसका पुढे गेला, होडीहोडीतून फिरून परत आला. तिला रडू आलं, आणि धुक्यात ते कुणाला दिसलं नाही.

काठावर आल्यावर खंडदेव घुटमळत तिच्या समोर येऊन उभा राहिला.

"पोरी, माझी गाठ उद्यापासून तूच बांध. चार वर्षं झाली, मला नायकाची हाक ऐकू येत नाही. पुतण्याच्या होडीला चिकटून असतो. त्याचं तोंड उघडलं की मी माझं नाव ओरडतो."

मेखलेनं त्याचं मनगट हातात घेतलं. "सैल बांधते, आजोबा," ती म्हणाली. "सैल असली की मनगटावर सरकते, लगेच कळतं."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, कारण एक तरुण भिक्खू वंदनाला उत्तर देत नाही अशी एका वृद्ध भिक्खूंची तक्रार आली होती. "तेव्हाची मेखला म्हणजे आजचा हाच भिक्खू," ते म्हणाले. "त्याच्या शेजारी बसणारा त्याचा सोबती तो उत्तिय. नायक मीच होतो. दोष देण्याआधी जवळ जाऊन विचारणं, याला मैत्रीपारमिता म्हणतात."

"आणि खंडदेव कोण होता, भंते?" कुणीतरी विचारलं.

शास्ते नुसते हसले. तक्रार करणारे ते वृद्ध भिक्खू मागच्या ओळीतून उठले आणि अगदी पुढे, शास्त्यांचे ओठ दिसतील असे येऊन बसले.