मान हलवणारा माळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा प्राण्यांना वाचता यायचं, आणि वाचायचा कंटाळाही यायचा.

एका माळावर सरडा पाटील होता. का? तर तो सगळ्यांत भराभर मान हलवायचा. तिथली रीतच तशी होती. पत्र वाचायला घेतलं की ऐकणाऱ्यांनी मान हलवायची. मान हलली की पत्राची घडी करायची आणि आतला शब्द न् शब्द सगळ्यांना कबूल. घडी परत उघडणं म्हणजे पाटलाचा अपमान. याला ते 'मन लावून वाचणं' म्हणायचे.

पत्रं वाचून दाखवायचं काम साळिंदरबाईकडे होतं.

एकदा हत्तींचं पत्र आलं. बाईने सुरुवात केली, "माळभूषण, बिळवंत, शेपूटसम्राट सरडेराव पाटील यांना..."

सरड्याने मान हलवली. सशांनी हलवली. मुंगसानेही हलवली.

"अहो, अजून तुमचं नावच चाललंय!" बाई म्हणाली.

"तेवढंच महत्त्वाचं असतं. करा घडी."

बाईने घरी जाऊन पत्र गुपचूप उघडलं. शेवटी लिहिलं होतं, 'परवा दुपारी आमचा साठ जणांचा कळप तुमच्या माळावरून जाईल. बिळं दबतील. आत कुणी थांबू नका.'

बाई धावत आली. "बाहेर पडा रे! हत्ती येतायत, चिरडून मराल!"

"झालेलं पत्र उकरायचं नाही," सरडा म्हणाला. "आम्ही मन लावून वाचलंय."

कपाळावर मारायला बाईने हात उचलला, पण स्वतःचेच काटे आठवले. मरा मेल्यांनो, असं म्हणून ती निघालीही असती. पण सशांची अकरा पोरं रोज तिच्याच दारात खेळायची.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच लिहिलेलं पत्र आणलं. "माळभूषण, बिळवंत..."

झाल्या माना हलवून.

"कबूल?"

"कबूल!"

"मग ऐका. मान हलवणाऱ्या सगळ्यांची बिळं आता माझी. संध्याकाळच्या आत रिकामी करा."

सरड्याने पत्र हिसकावलं.

"उघडू नका, पाटील. तुमचा अपमान होईल."

त्याने उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा एक पत्र निम्म्यापर्यंत वाचलं. मग त्याचा रंग उडाला. पण शब्द दिलेला होता. बाईला शिव्या घालत सगळे पोराबाळांसह टेकडीवर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साठ हत्ती माळावरून गेले. एकही बीळ उरलं नाही. एकही जीव गेला नाही.

आभार मानायचं सोडून सरडा म्हणाला, "बिळं तुमची ना? मग तुम्हीच उकरा."

"तुम्ही निम्म्यावर थांबलात हो," बाई म्हणाली. "पुढची ओळ अशी आहे: 'बिळं मोडली तर मान हलवणाऱ्यांनी नवी उकरून द्यावीत.'"

पावसाळा लागेपर्यंत सगळे उकरत होते. बाई सावलीत बसून सशांची पोरं सांभाळत होती.

तात्पर्य: शेवटच्या ओळीआधी जो मान हलवतो, त्याने काही वाचलेलं नसतं, फक्त स्वतःला बांधून घेतलेलं असतं.