पाच दिवसांची अदलाबदल

वाहनांना वाचा होती त्या काळची ही गोष्ट. सोलापुरातल्या एका सोसायटीत दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असत. विनता ओकबाईंची विजेची, घरच्याच प्लगवर पोट भरणारी. हारूनभाई बागवानांची हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी.

"तू म्हणजे दाव्याला बांधलेली गाय," हायब्रिड म्हणायची.

"आणि तुझा पाय कायम दोन डगरींवर," विजेची सुनवायची.

गणपती जवळ आले तसं ओकबाईंनी गाडी विकायचं मनात आणलं. वर्षभर ती त्यांना शाळेत नेऊन आणत होती, पण गणपतीला गावी, गुहागरला जाताना लांबच्या वाटेवर चार्जिंगवाचून अडली तर काय, ही त्यांना धास्ती. विजेची गाडी त्या दिवसापासून गप्पच झाली.

हे हारूनभाईंच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "ताई, पाच दिवसांसाठी वर्षभराची सोबत कशाला मोडता? माझी घेऊन जा, तुमची मी वापरतो."

सहाव्या दिवशी हायब्रिड चिखलाने माखून परतली. "अख्खा घाट न थांबता चढले," ती तोऱ्यात म्हणाली. "तू काय केलंस?"

"तुझ्या मालकांना रोज फळबाजारात नेलं. काल ते सवयीने पेट्रोलपंपाकडे वळले, मग स्वतःशीच हसले आणि तसेच पुढे निघाले."

हायब्रिडचा तोरा उतरला. बराच वेळ ती काही बोलली नाही. ती शांतता विजेच्या गाडीच्या चांगलीच ओळखीची होती.

"घाबरू नकोस," ती हळूच म्हणाली. "पुढच्या गणपतीलाही बाई तुलाच मागणार आहेत."