पिवळी बोटं

हसुरामशेठच्या खानावळीत हळदीच्या पंगतीचं जेवण शिजत होतं. कच्ची कोंबडी धुतलेले हात शेठ फडक्याला पुसत आणि त्याच हातांनी काकडी चिरत.

“भावजी, साबण आणा,” बायजावहिनी म्हणाली. “कोंबडी शिजेल, काकडी कच्चीच खायची. साल्मोनेलानं नवरदेव उद्या बोहल्याऐवजी इस्पितळात जायचा!”

“जंतू? एक तरी दाखवा की, वहिनी!”

वहिनीने कोंबडीवर मूठभर हळद ओतली. “चोळा.”

शेठनी चोळली, हात फडक्याला पुसले आणि ऐटीत पाहणीला निघाले. घटकाभरात काकडीवर, मिठात, पेल्यांच्या कडांवर, खुद्द शेठच्या टकलावर पिवळी बोटं उमटली.

“जंतू दिसत नाहीत, भावजी,” काकडी फेकून देत वहिनी म्हणाली, “पण कुठंकुठं फिरून आले ते बघा.”

शेठनी घाईघाईने साबण मागितला.

“मीही वर्षभर तोच मागतेय!”