मोहरी मुंगी आणि अडलेला हत्ती

बारा जानेवारी. थंडी पडली होती. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन, संध्याकाळी पुन्हा गार.

एक होती मुंगी. मोहरीएवढी. म्हणून तिचं नाव मोहरी.

मोहरी राहायची टीव्हीखालच्या फटीत. रोज संध्याकाळी वेणू जेवायला बसायची. वरणभात, वर तूप. समोर टीव्ही. टीव्हीत हत्ती.

हत्ती चालायचा, धम धम धम. वेणू खायची, मम मम मम. एखादं शीत खाली सांडायचं, टप्प. मोहरी यायची, तुरुतुरु तुरुतुरु. शीत उचलायची आणि घरी न्यायची.

आज काय झालं?

हत्ती चालला. धम धम... ध... ध... आणि अडला. एक पाय वरच. सोंड वाकडीच. मधे एक चक्री फिरायला लागली. गर्र गर्र.

वेणूने तोंड मिटलं. भरवणाऱ्या आईचा घास हातातच राहिला. शीत काही सांडलं नाही.

मोहरी सकाळपासून उपाशी. ती गेली तुरुतुरु तुरुतुरु.

"वेणू, वेणू, जेव ना."

वेणू म्हणाली, "हत्ती चालला तर जेवेन. तो अडला, मी पण अडले."

मोहरी गेली टीव्हीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"वेणू जेवेना, शीत सांडेना. टीव्ही, टीव्ही, हत्ती चालव ना."

टीव्ही म्हणाला, "मी मोठा आहे, पण हत्ती माझा नाही. मागची काळी डबी चित्र देते, ते मी दाखवतो. ती देईल तर मी चालवेन."

मोहरी गेली टीव्हीच्या मागे. तिथे काळी डबी. लाल दिवा, लुकलुक लुकलुक.

"टीव्ही चालवेना, वेणू जेवेना, शीत सांडेना. डबी, डबी, चित्र दे ना."

डबी म्हणाली, "देईन की. पण हत्ती राहतो आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये. तिथून त्याला राऊटर धाडतो, हवेतून. आज सोंड आली, कान आले, पोट अजून आलंच नाही. राऊटर धाडेल तर मी देईन."

"राऊटर कुठे आहे?"

"रोज स्टुलावर असतो. आज नाही. त्याच्या विजेची ती पांढरी वायर धरून जा."

मोहरी गेली वायरीवरून. तुरुतुरु तुरुतुरु. वायर गेली भिंतीकडेने. वायर गेली लोखंडी कपाटाच्या मागे. कपाटाला एक भोक. वायर गेली भोकात. मोहरीही गेली भोकात.

आत अंधार. डांबराच्या गोळ्यांचा वास. खाली पैठणी, वर शालू, मधे राऊटर.

"डबी देईना, टीव्ही चालवेना, वेणू जेवेना, शीत सांडेना. राऊटर, राऊटर, हत्ती धाड ना."

राऊटर म्हणाला, "ढकलतोय कधीचा. सोंड जाते, पोट अडकतं. चारी बाजूंनी लोखंड आहे बाई. कपाट उघडेल तर मी धाडेन."

मोहरी बाहेर आली. कपाटासमोर उभी राहिली. कपाट केवढं, मोहरी केवढी.

"राऊटर धाडेना, डबी देईना, टीव्ही चालवेना, वेणू जेवेना, शीत सांडेना. कपाट, कपाट, दार उघड ना."

कपाट म्हणालं, "मी असं कोणासाठीही उघडत नाही. माझी किल्ली आत्याच्या कमरेला. आत्या सांगेल तर मी उघडेन."

आत्या म्हणजे बाबाची मोठी बहीण. कालच राहायला आली होती आणि आल्याआल्या कपाटाची किल्ली तिने कमरेला खोचली होती. ती पाटावर बसून वाती वळत होती. मोहरी गेली तिच्या मांडीजवळ. तुरुतुरु तुरुतुरु.

"कपाट उघडेना, राऊटर धाडेना, डबी देईना, टीव्ही चालवेना, वेणू जेवेना, शीत सांडेना. आत्या, आत्या, सांग ना."

आत्या म्हणाली, "सांगणारच होते गं. सकाळी म्हटलं, निनू, तुझं ते यंत्र मी... तर म्हणाला, ताई, यंत्रातलं तू राहू दे. राहू दिलं. आता विचारलं तर सांगेन. न विचारता बोलायला मी काय रेडिओ आहे? निनू विचारेल तर मी सांगेन."

आणि आत्याने आणखी एक वात वळली.

निनू म्हणजे वेणूचा बाबा. बाबा खुर्चीत बसला होता. कानाला फोन. फोनमध्ये कंपनीची बाई.

बाई विचारत होती, "सर, राऊटरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे?"

बाबा म्हणाला, "हिरवा." खुर्चीतून तो उठला नव्हता.

"सर, राऊटर मोकळ्या जागी आहे ना?"

"एकदम मोकळ्या. स्टुलावर आहे."

मोहरी गेली बाबाच्या पायाशी. तुरुतुरु तुरुतुरु.

"आत्या सांगेना, कपाट उघडेना, राऊटर धाडेना, डबी देईना, टीव्ही चालवेना, वेणू जेवेना, शीत सांडेना. बाबा, बाबा, विचार ना."

बाबा म्हणाला, "थांब गं. मी तज्ज्ञांशी बोलतोय. बाई बोलायची थांबेल तर मी विचारेन."

मोहरी चढली बाबाच्या पायावर. पायावरून हातावर. हातावरून फोनवर.

"बाबा विचारेना, आत्या सांगेना, कपाट उघडेना, राऊटर धाडेना, डबी देईना, टीव्ही चालवेना, वेणू जेवेना, शीत सांडेना. बाई, बाई, थांब ना."

बाई म्हणाली, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

आणि गाणं लागलं. टिंग टिंग टिडिंग. टिंग टिंग टिडिंग.

मोहरीने प्रतीक्षा केली. गाणं संपलं. तेच गाणं पुन्हा लागलं. मोहरीच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

मग मोहरी फोनवरून उतरली. हातावर आली. हातावरून पायावर आली. पायाच्या करंगळीपाशी थांबली. तिने तोंड उघडलं.

कच्च.

"आई गं," बाबा म्हणाला. आणि त्याने फोन खाली ठेवला.

बाबाने करंगळी खाजवली. खर खर खर. मग बाबाने विचारलं, "ताई, मलम कुठे आहे?"

आत्याने वात खाली ठेवली. "विचारलंस का? मग सांगते. मलम कपाटात आहे. तुझ्या यंत्राच्या शेजारी."

"कोणत्या यंत्राच्या?"

आत्याने किल्ली दिली. कपाट उघडलं, करकर करकर. बाबाने आत पाहिलं. पैठणी पाहिली. मलम पाहिलं. राऊटर पाहिला.

"ताई, हा इथे कसा?"

"काल तूच म्हणालास, ताई, हे नीट जपायचं हं. जपायच्या वस्तू मी कपाटातच ठेवते. वायरी मागच्या भोकातून घेतल्या, तुझी लाइट गेली का? नाही ना?"

"नाही," बाबा म्हणाला.

बाबाने राऊटर उचलला. स्टुलावर ठेवला. खरोखर ठेवला.

मग काय झालं?

बाबा विचारू लागला. आत्या सांगू लागली. कपाट उघडं राहिलं. राऊटर धाडू लागला. डबी देऊ लागली. टीव्ही चालवू लागला. हत्तीचं पोट आलं, शेपूट आलं, वरचा पाय खाली आला.

धम धम धम.

वेणू जेवू लागली. मम मम मम.

खाली ठेवलेल्या फोनमधून आवाज आला, "सर, आता चालतं का?"

"चालतं," बाबा म्हणाला.

"आमची सेवा कशी वाटली, सर?"

बाबाने कपाटाकडे पाहिलं. आत्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "उत्तम."

आत्या म्हणाली, "आता लाव मलम."

टप्प. एक शीत सांडलं. ते आईच्या पदराला चिकटलं.

टप्प. दुसरं शीत सांडलं. ते बाबाच्या पायाखाली गेलं.

टप्प. तिसरं शीत सांडलं. त्याला तूप लागलेलं होतं. मोहरीने ते उचललं. तुरुतुरु तुरुतुरु. टीव्हीखालच्या फटीत नेलं. आणि खाल्लं.