न उठणारा मांत्रिक

एका राज्यात धान्य होते, पाणी होते, माणसांना शांत झोप होती. तरी तिथला राजा वज्रबाहू रोज सकाळी गच्चीवर येई आणि उत्तरेच्या काळ्या डोंगराकडे बघत राही. त्या डोंगरात गुहा होती. गुहेत खजिना होता. खजिन्यावर धूम्रकेश नावाचा मांत्रिक बसला होता. आणि खजिन्याला शाप होता: जो त्याला हात लावील, तो पायांपासून दगड होत जाईल.

फार पूर्वी एक राजा त्या डोंगरात गेला, तो परतला नाही. लोक म्हणाले, मेला. दुसरा गेला, तोही परतला नाही. लोक म्हणाले, दोघे गेले, म्हणजे काहीतरी असेलच. मग इतके राजे गेले, की लोक म्हणू लागले, तिथे सोनेच एवढे आहे की कोणाला परतावेसे वाटत नाही. वज्रबाहूनेही तेच मनाशी म्हटले. "एवढे राजे गेले, ते सगळे काय वेडे होते?" असे म्हणून त्याने घोड्यावर मांड ठोकली. आणि तोही परतला नाही.

तेव्हा त्याची एकुलती एक कन्या इंदुलेखा उठली. प्रधानाने सैन्य देऊ केले. ती म्हणाली, "सैन्य गेले तर सैन्याचे दगड होतील." आणि ती एकटीच निघाली.

गुहेच्या तोंडाशी उंबराचे झाड होते. झाडावर मोठ्या पिवळ्या चोचीचा धनेश पक्षी बसला होता. तो माणसासारखा बोलत असे.

"राजकन्ये, आत कशालाही हात लावू नकोस," पक्षी म्हणाला. "माझ्या मादीने एक मोती चोचीत धरला. ती आत दगड होऊन बसली आहे."

"मला माझ्या वडिलांना न्यायचे आहे."

"मग मी तुझ्याबरोबर येतो. आणि एक ध्यानात ठेव. एखादा माणूस असा का वागतो हे कळेनासे झाले, तर त्याला शिव्या देऊ नकोस. त्यातून त्याला काय मिळते आणि त्याचे काय जाते, एवढे बघ. मी येणाऱ्या प्रत्येक राजाला हेच सांगत आलो. पण पक्ष्याचे कोण ऐकतो?"

इंदुलेखा आत गेली. सोन्याच्या राशीत राजा वज्रबाहू उभा होता. त्याची पावले दगडाची झाली होती. सभोवती दगडाचे राजे, दगडाचे चोर, दगडाचे घोडे. मधोमध उंच आसनावर धूम्रकेश. त्याचे केस वाढून जमिनीत मुळांसारखे रुतले होते आणि त्यांतून धूर निघत होता.

"इंदू, परत जा," राजा म्हणाला.

"तुम्हाला घेतल्याशिवाय नाही, बाबा." मग ती मांत्रिकाकडे वळली. "धूम्रकेशा, यांना सोडायचे काय घेशील?"

मांत्रिक हसला. "माझ्या मंत्राने डोंगर सरकतो, नदी उलटी वाहते. पण दोन गावांपुढे माझा मंत्र हरला. पाषाणवाडीत एक दगडी रथ झऱ्यावर अडून बसला आहे. तो फक्त माणसांच्या हातांनी ओढला जातो. मी त्या लोकांच्या दंडांत हत्तीचे बळ भरले. ते हत्तीच्या बळाने आळस करू लागले. संध्यानगरीचे दार सूर्य बुडायच्या आत मिटत नाही, कारण लोक उशिरा येतात. मी त्यांच्या मनात भीती भरली. ते घाबरत घाबरत उशिरा येऊ लागले. माणसे आळशी आहेत, माणसे निर्लज्ज आहेत. जा, रथ हलव, दार मिटव. मग तिसरे काम सांगीन. बापाच्या डोळ्यांना दगड लागण्याआधी तिन्ही झाली नाहीत, तर त्याच्या शेजारी तुझीही मूर्ती."

"मान्य," इंदुलेखा म्हणाली.

ती पाषाणवाडीत पोचली तेव्हा गाव रथ ओढायलाच जमले होते. रथ घरांहून उंच. त्याच्या चाकाखाली झरा दबलेला. बैल जुंपले तर बैलांचा पेंढा होई, घोडे जुंपले तर घोड्यांचा पेंढा होई. म्हणून माणसेच ओढत. जाडजूड एकच दोर, त्याला सारे गाव लागलेले. पाटील ओरडे, "ओढा रे!" सगळे कण्हत, दात-ओठ खात, कपाळाच्या शिरा ताणत. रथ तसूभरही हलत नसे.

इंदुलेखाने पदर खोचला आणि ती रांगेत शिरली. जीव खाऊन ओढू लागली. पुढे माणसे, मागे माणसे, सगळीकडून कण्हणे. थोड्या वेळात तिच्याच मनात आले, एवढ्या हातांत माझे दोन हात सुटले तर काय बिघडते? आणि तिच्या ध्यानात आले, की आपले हात केव्हाचेच सैल पडले आहेत. कण्हणे मात्र चालूच आहे.

ती रांगेतून बाहेर आली. तिला हसू आले आणि लाजही वाटली.

"पाटील, मीही कामचोर निघाले," ती म्हणाली. "ओढले काय नि न ओढले काय, झऱ्याचे पाणी सगळ्यांना सारखेच मिळणार. न ओढले तर दंड दुखत नाहीत. आणि ओढले नाही हे कोणाला दिसतही नाही. हा दोर उलगडा."

"दोर उलगडला तर ओढायचे कशाने, बाईसाहेब?"

"त्याचे पेड निघतील. प्रत्येक घराला एक पेड. ज्याने त्याने आपला रंगवायचा."

गावाने दोर उलगडला. कोणी पेड हळदीत बुडवला, कोणी निळीत, कोणी काजळीत. एकेक पेड रथाला वेगळा बांधला. पाटील ओरडला, "ओढा रे!" आणि लगेच एक म्हातारी खदखदून हसली. "अगं बाई, बघा तरी! पाटलांचाच पेड लोंबतोय!" सारे गाव हसले. पाटलाचे कान लाल झाले. त्याने पागोटे फेकले, पाय रोवले आणि असा हिसका दिला की त्याचा पेड तारेसारखा ताठ झाला. मग कोणाचाच लोंबेना. हत्तीचे बळ दंडांत होतेच. दगडी रथ गरजला, चाक फिरले, आणि खालून झरा कमरेएवढा उसळून वर आला. लोक त्या पाण्यात नाचू लागले.

तेवढ्यात गुहेत राजाला बघून धनेश डोंगरावरून परत आला. "राजकन्ये, दगड कमरेपर्यंत चढला."

ती धावतच संध्यानगरीला गेली.

संध्यानगरीचे लोक दिवसा रानात आणि शेतात असत. सूर्य बुडाल्यावर दार उघडे राहिले, तर तमासुर नावाचा असुर आत शिरे आणि एखाद्याची सावली ओढून नेई. सावली गेलेल्या माणसाला पुन्हा झोप लागत नसे. पण आपला माणूस बाहेर असताना दार मिटायचे नाही, हा नगरीचा जुना नेम होता. म्हणून नगरपाल सोमदत्ताने दंड बसवला होता: उशिरा येईल त्याने दारातल्या रांजणात मूठभर मीठ टाकावे. तेव्हापासून उशीर कमी झाला नाही, वाढला.

इंदुलेखा दारात उभी राहिली. दिवेलागणीला एक कुंभार गाढव हाकत निवांत आला. त्याने रांजणात मीठ टाकले.

"दादा, उशीर का केलास?"

"दंड दिला की!" कुंभार म्हणाला. "फुकट नाही आलो."

"दंड नव्हता तेव्हा?"

कुंभार थांबला. "तेव्हा अंबाक्का दार लावायची. आमच्यासाठी ताटकळायची बिचारी. मान वर करून आत येता यायचं नाही. एकदा मी झाडाला लागलेले पिकलेले आंबे तसेच टाकून पळत आलो होतो. आता काय? मीठ दिलं, फिटलं."

इंदुलेखा सोमदत्ताकडे गेली. तो म्हणाला, "दंड दहापट करतो."

"नगरपाल, मग ज्याच्याकडे मीठ आहे तो आणखी ऐटीत येईल, आणि ज्याच्याकडे नाही तो रानातच राहील. लोक आधी लाजेने वेळेवर येत होते. तुम्ही लाजेला भाव लावला, आणि तो स्वस्त निघाला. रांजण नदीत ओता. अंबाक्काला परत बोलवा."

अंबाक्का आली. पाठीत वाकलेली, पण नजर तीक्ष्ण. इंदुलेखाने तिला दारात पाट मांडून दिला. अंबाक्का म्हणाली, "मी ताट वाढून बसते. शेवटचा माणूस आत आला की जेवेन. त्याआधी नाही."

त्या संध्याकाळी कुंभारच शेवटी आला. मिठाची पुरचुंडी हातात. "रांजण कुठे गेला?"

"रांजण नाही," अंबाक्का म्हणाली. "तू आलास ना, चल, आता मी जेवते." तिचा भात पार गार झाला होता.

कुंभाराच्या हातातली पुरचुंडी गळून पडली. पण सूर्य बुडाला होता. दारातून वारा शिरला आणि तमासुराने जवळ उभ्या असलेल्या इंदुलेखाचीच सावली ओढून नेली. सकाळी सूर्य उगवला तेव्हा तिच्या पायाशी काही नव्हते. लोकांनी ते पाहिले.

त्या दिवशी ऊन कलते न कलते तोच रानातून माणसे धावत सुटली. सरपणाचे भारे अर्धे टाकून, गुरे पळवत, एकमेकांना हाका मारत. "चला रे, अंबाक्का उपाशी आहे!" सगळ्यांत पुढे कुंभार. सूर्य अजून डोंगरावर हातभर उरला होता, आणि दार धाडकन मिटले. तमासुर आला तो मिटल्या दारावर आपटला आणि मूठभर राख झाला. ओढून नेलेल्या साऱ्या सावल्या भिंतीवरून पाखरांसारख्या उतरल्या आणि आपापल्या माणसांच्या पायांना येऊन चिकटल्या. अंबाक्काने उजेडात ऊन भात खाल्ला.

"राजकन्ये, घाई कर," धनेश म्हणाला. "दगड गळ्याशी आला."

इंदुलेखा गुहेत शिरली तेव्हा वज्रबाहूची हनुवटी दगडाची होत होती. तो डोळ्यांनीच तिला बघत राहिला. ती मांत्रिकासमोर ताठ उभी राहिली.

"रथ हलला. दार मिटले. तिसरे काम सांग."

"मला या आसनावरून उठव," धूम्रकेश म्हणाला. "बळ नको, शस्त्र नको, कपट नको. मी उठलो तर शाप तुटेल. पण मी उठणार नाही."

"या खजिन्यातून तू कधी काही वापरलेस?"

"नाही. उठलो तर ना वापरणार!"

"इथे बसणे तुला आवडते?"

"पाठ मोडते. धुराने डोळे जळतात. आंब्याची चव मी विसरलो."

"मग ऊठ."

"वेडी आहेस!" मांत्रिक ओरडला. "माझे तारुण्य इथे गेले. माझी बायको वाट पाहून गेली. आता उठलो तर ते सगळे वाया जाईल!"

"बसून राहिलास, तर ते परत मिळेल?"

राजाच्या ओठांवर दगड चढला.

"धूम्रकेशा," इंदुलेखा हळू आवाजात म्हणाली, "समज, तू आज सकाळीच या डोंगरापाशी आलास. तरुण नाहीस, आहेस तसाच म्हातारा. कोणी तुला म्हणाले, 'बाबा, हे सोने राख. त्याला हात लावायचा नाही, बाहेर जायचे नाही, उरलेले सगळे दिवस दे.' तर तू काय म्हणशील?"

"हॅट्! कोण मूर्ख देईल?" असे मांत्रिक म्हणाला, आणि त्याचे तोंड उघडेच राहिले.

"गेलेले दिवस गेले," ती म्हणाली. "ते तू उठलास तरी गेले, बसलास तरी गेले. तुझ्या हातात उरलेत ते पुढचे. बाहेर आंब्याचे दिवस आहेत."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आले. त्याने आसनाच्या हातांवर तळवे टेकले. जमिनीत रुतलेले केस ताणले, करकरले, एकेक तुटू लागले. दगड राजाच्या नाकापर्यंत आला. इंदुलेखाने हात पुढे केला नाही. बळ वापरायचे नव्हते. ती नुसती उभी राहिली. आणि धूम्रकेश कण्हत, थरथरत, आपल्या पायांवर उठला.

आसन दुभंगले. डोंगर हादरला. राजाच्या अंगावरून दगड सालासारखा गळून पडला आणि वज्रबाहूने लेकीला पोटाशी धरले. दगडाचे घोडे खिंकाळले, दगडाचे चोर शिंकले, विसरल्या जमान्याचे राजे डोळे चोळत विचारू लागले, "सकाळ झाली का?" एका कोपऱ्यातून धनेशाची मादी चोचीतला मोती थुंकून उडाली, आणि दोघे पक्षी ओरडत उघड्या आभाळात गेले.

धूम्रकेशही बाहेर गेला. त्याने मागे वळून पाहिले नाही.

आता खजिन्याला शाप नव्हता, म्हणून राजे लगेच भांडू लागले. तलवारी निघाल्या. इंदुलेखा राशीवर चढून म्हणाली, "वाटे करायला सगळ्यांत भांडखोर राजा पुढे येवो! आणि जो वाटे करील, तो आपला वाटा सर्वांच्या शेवटी उचलील!" भांडखोर राजाने इतके सारखे वाटे केले, की सोनारालाही गुंजभर फरक सापडला नसता.

मग ढोल वाजले, तुताऱ्या वाजल्या. वज्रबाहू आणि इंदुलेखा हत्तीवरून राजधानीत शिरले. रस्तोरस्ती सडे पडले, दारोदारी तोरणे लागली, प्रधानाने भर चौकात आनंदाने उडी मारली. त्या दिवशी नगरात कोणी चूल पेटवली नाही. सारे राज्य राजवाड्याच्या अंगणात पंक्तीला बसले. वाढायला स्वतः इंदुलेखा उभी राहिली. आणि राजा वज्रबाहू पुन्हा पुन्हा भात मागत राहिला, कारण दगड होऊन आलेल्या माणसाला फार भूक लागते.